अनुभव धागा: जुनी पेट्रोल गाडी सिग्नलला बंद पडते, आधी काय बघता?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये किंवा तीन हात नाक्याला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी बंद. रेस दिली की ठीक. आधी काय तपासता आणि कसं, तेवढंच नेमकं लिहा. ‘चांगल्या मेकॅनिकला दाखवा’ हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वागळे इस्टेट, गॅरेज
गार इंजिनावर बंद पडते, तापल्यावर, एसी लावल्यावर की ब्रेक दाबल्यावर? हे कळल्याशिवाय पार्ट बदलू नका. पहिला हात थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या घराला. झडपेच्या कडेला काजळी धरली की आयडलिंगची, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं तेव्हाची, थोडकी हवाही अडते. क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. थेट फवारा सेन्सरपर्यंत जातो. केबलने झडप उघडणाऱ्या गाडीत आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा सोडणारा) काढून त्याचं टोक आणि बसायची जागाही साफ करा. टोक बोटाने ढकलू नका, आतले आटे जातात. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडपही हाताने उघडू नका. सफाईनंतर आरपीएम चढलेले राहिले तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, आयडल पुन्हा शिकवावं लागतं. पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते.

आणि ‘स्लो (आयडलचे आरपीएम) वाढवून देतो’ म्हणत स्क्रू पिळणाऱ्याचा हात धरा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तो झडपेचा थांबा असतो. फिरवला की झडप मिटल्याचं ईसीयूला कळत नाही आणि आयडल सांभाळणंच सुटतं.

ऐरोली
रबरी पाइप. उष्णतेने कडक होऊन तडकतात, तेही खालच्या अंगाला, जिथे नजर जात नाही. पीसीव्हीचा पाइप (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा), ब्रेक बूस्टरचा पाइप (बूस्टर ब्रेक हलका करतो), मॅनिफोल्डचं (हवा सिलिंडरांना वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बघा. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप हलका चिमटा. जो चिमटल्यावर आयडल सुधारलं, गळती त्याच वाटेवर. कार्ब क्लीनर मारूनही गळती सापडते, पण तो गरम एक्झॉस्टवर पडला तर पेट घेतो. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो मीटरच्या गाडीत गळतीची हवा मोजलीच जात नाही, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, गाडी बंद पडते. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवाल्या गाडीत बहुधा उलटं: आरपीएम चढतात नाहीतर वरखाली होतात.

ब्रेक दाबून धरल्यावर फुसफुस आणि आरपीएम खाली, म्हणजे बूस्टरचा पडदा फाटलाय. तो ब्रेकचाच प्रश्न आहे, गाडी चालवत राहू नका.

कळवा, ऑटो इलेक्ट्रिशियन
फक्त गार असताना किंवा फक्त तापल्यावर त्रास असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सरला (इंजिनाच्या कूलंटचं तापमान मोजणारा) मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स बघा. बऱ्याच गाड्यांत २० अंशाला साधारण २ ते ३ किलोओहम, ८० अंशाला ३०० ओहमच्या आसपास. एसी आणि फॅन दोन्ही चालू असताना बंद पडते? आयडलिंगला बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. कमी असतील तर अल्टरनेटर, पट्टा आणि अर्थिंगची वायर आधी. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा) गाडीचं कॅप आणि प्लगच्या वायरी अंधारात बघा, ठिणगी बाहेर पळताना दिसते.

सीवूड्स
सीएनजीवर बंद पडली तर पेट्रोलवर टाकून बघा. दोन्हींवर तसंच, तर प्लग, थ्रॉटल, पाइप. फक्त सीएनजीवर, तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा), ट्यूनिंग. फक्त पेट्रोलवर, तर इंजेक्टर आणि टाकीतलं जुनं पेट्रोल. सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह बसायची जागा) झिजून टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप कमी होतो, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. आयडलिंगला थरथर, रेसला सुरळीत. अशा गाडीवर नवे प्लग म्हणजे फुकटचा खर्च. मॅन्युअलप्रमाणे इंजिन गार किंवा गरम ठेवून फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्या) गॅप मोजा.

वागळे इस्टेट, गॅरेज
टॅपेटचं बरोबर, पण हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळणारे) असतील तर गेज लावायचा प्रश्नच नाही.

कोपरी
इंजेक्शनऐवजी कार्ब्युरेटर असेल तर स्लो जेट (आयडलचं पेट्रोल येतं ते बारीक भोक) आणि आयडल कट-ऑफ सोलेनॉइड (ते पेट्रोल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह). चावी चालू केली की सोलेनॉइडचा ‘टिक’ आवाज यायला हवा. नाही आला तर वायर आणि १२ व्होल्ट तपासा. जेट हवेने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं.

ऐरोली
पेट्रोल पंप सगळ्यात शेवटी. प्रेशर कमी असेल तर गाडी बहुधा आधी गायमुखच्या चढावर रडते, सिग्नलला नंतर.