घोटा मुरगळलाय, काय करू?

ए-३०२, काकू: सिद्धेश्वर तलावावरून फिरून आले आणि आपल्या पार्किंगच्या रॅम्पवर पाय मुरगळला. बाहेरचा घोटा टम्म सुजलाय. हाड तर मोडलं नसेल ना?

बी-१०१, अण्णा: वहिनी, गरम तेलानं चोळून घ्या. एक हाड बसवणारे ओळखीचे आहेत, ओढून सरळ करतात. बोलावू का?

सी-२०४, फिजिओ: अण्णा, नका बोलावू. चोळायचं नाही, ओढायचं तर मुळीच नाही. पाऊल आत वळलं की घोट्याच्या बाहेरचे लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं जोडणारे पट्टे, ताणतात, कधी फाटतात. पहिले दोन-तीन दिवस चोळलं किंवा शेकलं तर सूज वाढते.
काकू, तेव्हा आणि आत्ता, लंगडत का होईना, चार पावलं टाकता आली का? घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघा. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर उंचवटा लागतो तोही, आणि आतल्या घोट्याच्या पुढचं हाडही.

काकू: चाललेय, दुखतंय पण चाललेय. हाडांवर काही नाही, बाहेरच्या घोट्याच्या पुढं खड्ड्यात दुखतंय.

फिजिओ: तिथंच तो लिगामेंट असतो. हाड मोडल्याची शक्यता फार कमी. चार पावलं टाकता आली नसती किंवा यातल्या एका जरी हाडावर दुखलं असतं तर एक्स-रे काढायला लावला असता. हे ऑटावाचे नियम, १९९२ चे, कॅनडातल्या डॉक्टरांनी मांडलेले. पण तुम्हाला शुगर आहे ना? तळव्याला स्पर्श नीट कळतो का?

काकू: कळतो गं.

फिजिओ: मग ठीक. कळत नसता तर या तपासणीवर मी विसंबले नसते.

ए-१०५: आमच्या मुलाचा पार्क मैदानावर मुरगळला होता. आठ दिवसांत दुखायचं थांबलं म्हणून खेळायला गेला, आणि गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत परत तोच पाय!

फिजिओ: हेच मला सगळ्यांना सांगायचंय. दुखणं आधी थांबतं, तोल मागनं येतो. एकदा लचकला की पाऊल कुठं पडतंय याचं भान कमी होतं. भिंतीजवळ त्या एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, जमलं की मिटून. रोज, काही आठवडे. दुसऱ्या पायाइतकं जमेपर्यंत मुलाला खेळायला सोडू नका, ताई.
काकू, आज पाय उशीवर उंच. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसात तीन-चारदा. नुसता कातडीवर नको.

अण्णा: माझ्याकडं क्रेप बँडेज आहे, घेऊन येतो. कसं बांधायचं?

फिजिओ: बोटांच्या मुळापासून वर, टाच झाकत. बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. थांबा, मीच येते.