लाइनवर 'तुला काय वाटतं?' विचारून माल निघतो का?

तिसरी_पाळी:
परवा इथं एका एचआरवाल्या साहेबांनी लिहिलं की सुपरवायझरनं हुकूम सोडणं बंद करावं, कोच व्हावं. पोरगं चुकलं तरी ओरडायचं नाही, 'तुला काय वाटतं, काय करता येईल?' असं विचारायचं. खाली अंगठ्यांचा पाऊस. वाळूज एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं, केस पिकले माझे, म्हणून बोलायलो. पाळी सुरू होताना दोन ऑपरेटर गैरहजर, पत्र्याची कॉइल आलेली नाही, प्लॅनिंगवाल्याचा फोन वाजायलाय आणि नवं पोरगं बर, म्हणजे कडेला धारदार कंगोरा, राहिलेला माल खुशाल पुढं सारतंय. त्याला काय विचारू? ते कोचिंगचं ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय, निर्धारवालं ग्रो मॉडेल केबिनमध्ये ठीक आहे. ज्याला डाय, म्हणजे प्रेसचा साचा, कशी बसते हेच ठाऊक नाही, त्याच्या पोटातून उत्तर कुठून काढणार?

गोदाकाठ:
भाऊ, कोचिंग म्हणजे लाड नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) हा शिकवण्याचा कार्यक्रम निघाला तो फोरमन लोकांसाठीच. आधी तयारी, मग दाखवणं, मग त्याच्याकडून करून घेणं, नंतर फिरून बघणं. कामगार शिकला नाही तर शिकवणाऱ्यानं शिकवलं नाही, हे त्यांचं ब्रीद. पुढं टोयोटानं तेच उचललं.
आमच्या शेंद्र्यात प्रेसला दोन बटनं, दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे हात डायखाली जात नाही; एकानं त्यातल्या एकात चिंधी कोंबून ठेवली होती. आधीच्या सुपरवायझरनं मेमोवर मेमो दिले. मी विचारलं, का रे बाबा? म्हणाला, ट्रॉली डाव्या अंगाला मागं आहे, दर पीसला वळून खांदा भरून येतो, टारगेट कसं गाठू? ट्रॉली पुढं ओढली. चिंधी गेली.

तिसरी_पाळी:
आणि डायखाली हात असताना पण हीच प्रश्नमंजूषा?

गोदाकाठ:
तेव्हा मी पण बोंबलतो. आधी मशीन बंद, विचारपूस नंतर. एवढी अक्कल आहे आम्हाला.

लाइनवरची_ताई:
आमचा सुपरवायझर कोचिंगचं ट्रेनिंग करून आला. विचारलं, ताई तुम्हाला काय वाटतं? मी सांगितलं, लेबलचा रोल उजवीकडं घ्या. महिन्याअखेर कायझेनच्या (कामातल्या सुधारणांच्या) बोर्डावर फोटो त्याचा, बक्षीस त्याचं. आता विचारलं की म्हणते, साहेब, तुम्हीच सांगा.

ठेक्यावरचा:
मूळ दुखणं कुणीच बोलंना. पोराचा हात बसायला तीन महिने लागतात, सातव्या महिन्यात ठेकेदार ब्रेक देतो, म्हणजे कामावरून काढतो. का? तर बारा महिन्यांत 240 दिवस भरू नयेत म्हणून. मग कोच कुणाला करायलात, गेटला? मी तीन कंपन्यांत तीच प्रेस चालवली, तिन्हीकडं रजिस्टरला 'नवीन'. मधी 2013 ला ती 'नीम' नावाची सरकारी ट्रेनिंग योजना आली होती, त्यात तर उभा माणूस 'ट्रेनी'. स्टायपेंड घ्या, पीएफचं नाव काढू नका.

चिकलठाणा_लघुउद्योजक:
पुन्हा मालकाला शिव्या. आमचं बिल कायद्यानं 45 दिवसांत मिळायला पाहिजे, मोठ्या कंपन्या तीन-तीन महिने लटकवतात, त्यावर लिहा की कधी. आणि 240 दिवस भरले म्हणून कुणी आपोआप कायम होत नाही. काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागते, एवढंच.

ठेक्यावरचा:
एवढंच असंल तर ब्रेक कशाला देता मालक?

चिकलठाणा_लघुउद्योजक:
स्वतः दहा माणसांचा पगार करून बघा, मग बोला.

ठेक्यावरचा:
दहा माणसांत मला धरायलात का ब्रेकवर?

लाइनवरची_ताई:
😂

तिसरी_पाळी:
धागा सुपरवायझरचा, नेऊन बसवला लेबर कोर्टात. तरी ठेकेदारीचं खोटं नाही. दर सहा-सात महिन्यांनी तीच डाय, तेच बर, तीच बडबड मलाच करावी लागते, मालकाला नाही. गोदाकाठ, ट्रॉलीचं पटलं, लिहून ठेवा, रोज पटत नसतं. पण नवं पोरगं पहिले पंधरा दिवस मी सांगंन तसंच करंल. हात बसल्यावर विचारू काय वाटतंय ते.

गोदाकाठ:
आधी दाखवा, मग विचारा. मी वेगळं काय म्हणालो?

तिसरी_पाळी:
तुम्ही अमेरिकेहून आलात, मी थेट गेटमधून.