8 जीबी रॅमवर क्लँग बिल्ड: जॉब्स किती लावू?

वरणगाव_लिनक्स: मंडळी, क्लँग (सी++चा कंपायलर) सोर्समधून बिल्ड करतोय, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवतोय. डेस्कटॉप, चार कोर, आठ थ्रेड, 8 जीबी रॅम. निन्जा (बिल्ड चालवणारं टूल) नुसतं चालवलं की बराच वेळ सुरळीत चालतं, मग माऊससुद्धा हलत नाही आणि शेवटी 'किल्ड'. -जे1 (एका वेळी एकच जॉब, म्हणजे एकच काम) दिलं तर रात्र संपते, बिल्ड संपत नाही. त्यात मे महिना, लाइट कधी जाईल नेम नाही. किती ठेवू?

तापीकाठ_भुसावळ: आधी डीमेसेज (कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग) बघा. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर कोडचा दोष नाही, कर्नलने प्रोसेस मारलीय. आकडा न दिल्यास निन्जा थ्रेडपेक्षा दोन जास्त जॉब्स लावतो, म्हणजे तुमच्याकडे दहा! मेक (निन्जासारखंच दुसरं टूल) सांगितल्याशिवाय एकावरच चालतो, पण नुसतं '-जे' लिहून आकडा गाळला तर त्याला धरबंधच नाही.

कोर मोजू नका, रॅम मोजा. सी++ला मी जॉबमागे दोन जीबी धरतो. म्हणून -जे4, तेही ब्राउझर बंद करून. तुमचं खरं दुखणं मात्र लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम करणं) आहे. डीबग बिल्ड (चुका शोधायची माहिती सोबत ठेवणारा) असेल तर एकेक लिंकर कित्येक जीबी गिळतो. सीमेकला (निन्जासाठी बिल्डची मांडणी करणाऱ्या टूलला) एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स=1 द्या, बिल्ड टाइप रिलीज ठेवा, टार्गेट (ज्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा तो) फक्त एक्स86. बाकीच्या आर्किटेक्चरचं काय लोणचं घालायचंय?

धुळेकर_सी: माझा जुना प्रोजेक्ट -जे1 वर होतो, -जे4 वर कधी होतो, कधी नाही. रॅम 32 जीबी आहे. हीच भानगड का?

तापीकाठ_भुसावळ: नाही भो, तुमच्या मेकफाइलमध्ये (मेकच्या नियमांच्या फाइलमध्ये) कुठलीतरी डिपेन्डन्सी (कशाच्या आधी काय तयार हवं ते) लिहायची राहिलीय. एखादं हेडर तयार व्हायच्या आतच दुसरा जॉब ते मागत असेल. -ओ (कॅपिटल) लावून चालवा, म्हणजे प्रत्येक टार्गेटचं (इथे बनवायच्या फाइलीचं) आउटपुट सलग येईल, नाहीतर एररची खिचडी वाचत बसाल.

वरणगाव_लिनक्स: -जे4 आणि लिंक 1 वर मशीन अडकत नाही आता. पण दुपारी लाइट गेली, पुन्हा लावलं तर एका .ओ फाइलवर (कंपाइल झालेल्या तुकड्यावर) 'फाइल नॉट रेकग्नाइज्ड'. सगळं क्लीन करू?

तापीकाठ_भुसावळ: अजिबात नको. फाइल डिस्कवर पोचायच्या आत वीज गेली असणार. बिल्ड फोल्डरमधल्या शून्य बाइटच्या .ओ फाइली शोधून उडवा आणि निन्जा परत लावा. तेवढ्याच नव्याने होतील. आणि दुपारी नकाच लावू हो. आपल्याकडच्या उन्हात सीपीयू तापला की स्वतःच क्लॉक (वेग) उतरवतो, मग चार जॉब्सही रेंगाळतात.