मदत हवी आहे: रोजची प्रार्थना चार दिवसांच्या वर टिकतच नाही

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. मी मूळचा नगरकडचा, दोन वर्षं झाली गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे, मडगावात भाड्याने राहतो. घर ख्रिस्ती, आजी पहाटे उठून प्रार्थना करायची, माझं मात्र रविवारी चर्च आणि जेवणाआधी दोन ओळी, बस. आता ठरवलंय रोज पंधरा मिनिटं बसायचं. चार दिवस बसतो, पाचव्या दिवशी शिफ्ट बदलते आणि सगळं बोंबलतं. नाईट करून आलो की गुडघे टेकले तिथेच झोप, एकदा तर पलंगाच्या कडेवर कपाळ आपटून जाग आली.

पण खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे, बसलो तरी बोलू काय? घरच्यांना सांभाळ, आईची शुगर कमी कर, मला पर्मनंट कर, हे दोन मिनिटांत संपतं आणि मग डोक्यात गोळ्यांची पाकिटं करणारं ब्लिस्टरचं मशीन फिरायला लागतं. मागच्या महिन्यात एका घरी प्रार्थनासभेत मला अचानक प्रार्थना करायला सांगितली, मी तेच तेच बोलत अडखळलो, नंतर चहा पिताना तिथल्या एका काकांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, एवढा घोडा झाला तरी प्रार्थना येत नाही. तेव्हापासून तिकडे फिरकलो नाही.

आमची घरमालकीण आंटी कॅथलिक. संध्याकाळी साडेसातला तेर्स म्हणजे रोझरी सुरू, एका हातात माळ, दुसऱ्या हाताने मांजराला हुसकावते, ५३ वेळा 'नमान मोरिये' ही मरियेची प्रार्थना होते तरी एक मणी चुकत नाही. आम्हाला लहानपणी शिकवलं की पाठ केलेली प्रार्थना म्हणजे बडबड, मनापासून आली पाहिजे. पण मनातून येतच नसेल तर काय करायचं? कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १
अरे बाळा, येशू बडबड करू नका म्हणाला आणि दोन वचनं पुढे त्याने स्वतःच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना शिकवली ना, बायबलात मत्तय ६ नीट वाच. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तर त्याने स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. मी ती 'स्वर्गातील पित्या' एकेका ओळीवर थांबत म्हणते. 'रोजची भाकर' आली की तिथे तुझं पर्मनंट आणि आईची शुगर घाल. 'ऋणे सोड' ही क्षमेची ओळ आली की त्या काकांचं नाव घे, जड जाईल पण घे. मशीन डोक्यात आलं तर येऊ दे, त्या मशीनवर तुझ्यासोबत कोण उभं असतं त्यांची नावं घे.

प्रतिसाद २
घड्याळाचा नाद सोड भावा, मी पण शिफ्टवाला. बसमध्ये सीट मिळाली की बायबलातलं एक स्तोत्र, एवढंच ठरव. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं आहे आणि सुरुवातच तक्रारीने आहे, म्हणजे गोड बोलायची सक्ती नाही. नाईटला १३४ घे, तीनच वचनं, रात्री देवाच्या घरात सेवा करणाऱ्यांसाठीच आहे. सभेत बोलायची वेळ आली तर सरळ स्तोत्र वाच आणि आमेन म्हण, कोण काय बोलणार.

प्रतिसाद ३
थोडं अवांतर. तेर्स कोकणीत ऐकून आपण इथे परके असं वाटून घेऊ नको. फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलच्या कथेचं काव्य, १६१६ मध्ये इथेच राशोलला छापलं, ते मराठीत आणि ओवीत, जुनी पुराणं सुटलेल्या इथल्या ख्रिस्ती लोकांना म्हणायला काहीतरी हवं म्हणून. तयार शब्दांची गरज तुला एकट्यालाच नाही.

धागाकर्ता
थँक्यू सगळ्यांना. आज फर्स्ट शिफ्ट होती, खिडकीची सीट मिळाली. ताई, तुमच्या पद्धतीने सुरू केलं, भाकरीवर आईचं, माझं, लाईनवरच्या दोघांचं असं बरंच बोलणं झालं आणि तेवढ्यात वेर्णा आलं. ऋणांची ओळ राहिली, ती उद्या बघतो.