संथ आहे, पण रिकामा नाही

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' या सिनेमात तासभर नुसती गाडीच फिरते, ही तक्रार मला अजिबात पटत नाही. 1958 मध्येही तो काहींना रटाळ वाटला होता. 2012 मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या मतदानात समीक्षकांनी सर्वोत्तम सिनेमांच्या यादीत त्यालाच पहिलं स्थान दिलं. माजी पोलीस डिटेक्टिव्ह स्कॉटी मित्राच्या बायकोचा, मॅडेलीनचा, गाडीतून पाठलाग करतो, त्यात संवाद जवळजवळ नाहीतच. स्कॉटीबरोबर आपणही तिचा अंबाडा न्याहाळत राहतो, ती संग्रहालयात बघत बसते त्या तसबिरीतल्या बाईसारखाच, आणि त्याचं वेड आपल्याला लागतं.

मे महिन्यात जळगावला कूलरसमोर बसून पुन्हा पाहिला. भाऊ अर्ध्यातच झोपला. मावशी ज्वारी निवडत होती. स्कॉटीला पुढे भेटणारी ज्युडी पत्र लिहून फाडते तिथे मावशीचा हात सुपातच थांबला. रहस्य तिथेच फुटतं, तरी पुढे जीव टांगणीला लागतो. शेवटपर्यंत सूप तसंच मांडीवर होतं.