बांधीतली वेगळी लोंब : उपटायची की राखायची?

धानकरी, नागभीड
आपल्या तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या धानात वेगळ्याच पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, पेरत राहिले, आणि त्यातूनच आलेला एचएमटी तांदूळ महाराष्ट्राबाहेरही पोचला. लोंबी खुडताना हे पुढचं कोणाच्या मनातही नसणार. गावोगावी अशा लोंब्या भेसळ म्हणून उपटल्या जातात. यंदा धान निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) वेगळी लोंब दिसली तर नेमकं काय करायचं?

बियाणेप्रेमी, ब्रह्मपुरी
भाऊ, आधी जागा बघा. बांधावरचं धान मोकळ्या उजेडाने जोमदार दिसतंच, तो वाणाचा गुण नव्हे. बांधीच्या (धानाच्या खाचराच्या) मधोमध, शेजारच्यांइतकंच खत-पाणी मिळालेला बुंधा वेगळा दिसला तर सुतळी बांधून ठेवा. पिकल्यावर लोंब्या हातानेच खुडा आणि हातानेच झोडा. थ्रेशरमध्ये आधीचे दाणे अडकलेले असतात, चार दाणे मिसळले तरी निवड वाया जाते.

पुढच्या खरिपात प्रत्येक लोंबीचे पऱ्हे (रोवणीची रोपं) वेगळे टाका. रोवणी २० × १५ सेंमीवर, एका जागी एकच रोप, आणि दुसऱ्या वाणापासून किमान ३ मीटर दूर. गेल्या वर्षी दुसरं धान होतं ती बांधी नको, सांडलेलं बी उगवतं.

झाडीपट्टी, गोंदिया
धान स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून निवड टिकते. पण क्वचित दुसऱ्या वाणाशी संकर होतोच. दुसऱ्या वर्षी काही रोपं उंच, काही बुटकी, काही लवकर निसवणारी निघाली तर तो संकर समजा. बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात. सोडू नका. दरवर्षी हव्या त्याच बुंध्यांचं बी घेत गेलं तर सहा-आठ पिढ्यांत वाण स्थिरावतो.

भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाचं आज नाव आहे, पण ज्या बायाबापड्यांनी तो पिढ्यान् पिढ्या निवडून राखला, त्यांची नावं कुठेच नाहीत. याचं वाईट वाटतं.

धानकरी, नागभीड
मग नोंद कशी ठेवायची?

कृषिमित्र, भंडारा
शेजारी मूळ वाणाची एक ओळ लावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? वहीत निसवल्याची तारीख, उंची, फुटवे, दाण्याचा रंग लिहा. बी कोणाला, कधी, किती दिलं तेही लिहा. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो, आणि तिथे वाणाचं वेगळेपण दाखवावं लागतं.

बी १३ टक्के ओलाव्याखाली सुकवा. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर. आतली पेन्सिलने लिहा, शाई दमटपणाने पसरते.