मदत हवी आहे: एअर मॅट्रेसवरच्या रुग्णाचं पाठीवरचं घामोळं

फोंडा भागात मे महिन्यातली दमट हवा, त्यात मध्येच वीज जाते. रुग्ण आजी, पूर्ण अंथरुणावर. पाठीवर आणि कमरेच्या घडीत बारीक लाल, टोचणारे पुरळ आहेत. पू नाही, ताप नाही.

सध्या एवढं चालू आहे: दिवसातून दोनदा साध्या पाण्याने ओल्या पंचाने पुसणं (पाण्यात अँटिसेप्टिक टाकत नाही, त्वचा उगाच चुरचुरते), न घासता टिपून कोरडं करणं, मग कॅलामाइनचा पातळ थर. दर दोन तासांनी कूस बदलतो. पावडर बंद केली, कारण घामात तिचा चिखल होऊन घडीत साचतो. खोबरेल तेलही नाही. घामाची तोंडं बुजलेली असताना वर तेलाचा थर कशाला? हे सांगितलं की शेजारीपाजारी रागावतात, ते सोडा.

खरी अडचण गादीची आहे. बेडसोर होऊ नये म्हणून एअर मॅट्रेस हवीच, पण ती प्लॅस्टिकची. घाम खाली जिरत नाही. वर जाड टॉवेल किंवा गोधडी घातली तर हवेच्या कप्प्यांचा दाब बदलण्याचा उपयोग कमी होतो, आणि सुरकुत्या पडल्या तर त्याच टोचतात.

कुणी एकेरी सुती चादर आणि मलमल यांची तुलना करून पाहिली आहे का? दिवसातून किती वेळा बदलावी लागते? पाठीला हवा लागावी म्हणून कुशीवर असताना टेबल फॅन कुठे, किती अंतरावर ठेवता? बारीक छिद्रांतून हवा सोडणारी मॅट्रेस म्हापसा किंवा मडगावात भाड्याने मिळते का?